कापूस-प्रेसच्या गोदामाची दुरुस्ती : बिडाचे खांब, पन्हळ आणि चुना

वास्तू : विदर्भातल्या एका बंद पडलेल्या कापूस-प्रेसचं (कापूस दाबून गाठी बांधायच्या कारखान्याचं) गाठींचं गोदाम, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतलं. लांबी ७२ फूट, रुंदी ६० फूट. तीस-तीस फुटांची दोन समांतर कौलारू छपरं, दोन्हींच्या मधे बिडाची (ओतीव लोखंडाची) पन्हळ आणि पन्हळीखाली बिडाचे पाच पोकळ खांब, दर १२ फुटांवर एक. भिंती १८ इंची वीटकामाच्या, जोतं आणि कोपरे काळ्या दगडाचे.

नागपूरला रेल्वे १८६७ साली पोचली. १ जानेवारी १८७७ ला तिथे जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. त्या काळात या पट्ट्यात जिन (सरकी काढायचे कारखाने), प्रेस आणि गोदामं उभी राहिली. त्यांतली बरीच पाडली गेली. जी उरली त्यांची दुरुस्ती बहुतेक सिमेंट आणि वेल्डिंगने होते, आणि त्यातच ती मरतात. असंच एखादं गोदाम कुणाच्या हाती आलं तर उपयोग व्हावा म्हणून या नोंदी.

९ ऑक्टोबर २०२३ : पाहणी

पावसाळा संपल्यावर लगेच पाहणी केली. ओल कुठे आहे ते याच वेळी दिसतं, उन्हाळ्यात सगळं कोरडं आणि निरोगी वाटतं.

सापडलेलं असं : बाहेरच्या भिंतींवर कमरेपर्यंत विटांच्या सांध्यांत सिमेंटच्या दरजा, त्याच्या बरोबर वर विटांचे पापुद्रे सुटलेले आणि लोणा (क्षारांचा पांढरा थर). मधल्या पन्हळीखाली तीन कैच्यांचे (छपर तोलणाऱ्या त्रिकोणी लाकडी चौकटींचे) पाय कुजलेले. पाचही खांबांच्या बुडाशी गंजाचे ओघळ. तिसऱ्या खांबाला उभी भेग. जमिनीवर कधीतरी ओतलेलं चार इंची काँक्रीट.

पाहणीची वही करताना दोन रकाने ठेवले : ‘दिसतं काय’ आणि ‘करतं काय’. शोभेची वाटणारी प्रत्येक गोष्ट दुसऱ्या रकान्यातही भरायची. वळचणीखालचा दातेरी विटांचा थर पाणी भिंतीपासून दूर पाडतो. दाराच्या कोपऱ्याचे दगड चार फुटांपर्यंत तासून तिरपे केलेले आहेत, कारण गाठींनी लादलेली बैलगाडी वळताना तिच्या चाकाचा तुंबा तिथे घासायचा. त्याच्या वर तिरपा भाग संपवून दगड पुन्हा काटकोनात आणलाय आणि तो बदल पानाच्या आकाराच्या एका टोकदार घडाईने केलाय. त्रिकोणी भिंतीतला गोल झरोका रुईची धूळ आणि गरम हवा बाहेर काढतो. दुसरा रकाना रिकामा राहिला असं फार थोडं निघालं. या इमारतींचं देखणेपण नेमकं इथे आहे. त्यामुळे दुरुस्तीत एखाद्या भागाचं काम बंद पाडलं की त्याचं रूपही जातं.

१७ ऑक्टोबर : खांबांच्या पोटात

हे खांब छप्पर तोलतात आणि पन्हळीचं पाणीही खाली नेतात. लंडनच्या १८५१ च्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जोसेफ पॅक्स्टनने हेच केलं होतं, पोकळ बिडाच्या खांबांतूनच छपराचं पाणी उतरायचं. कारखान्यांत आणि गोदामांत ही पद्धत सर्रास आली. वेगळे पाइप नकोत, गाठींची थप्पी लावताना अडथळा नको.

नळ तपासायचा कॅमेरा वरून सोडला. दोन खांबांत आठ फुटांवरच गच्च बूच : कौलांचे तुकडे, चिमण्यांची घरटी, रुईचा लगदा, माती. बाकी तिघांत पाणी उभं. खालचा निकास काँक्रीटखाली गाडला गेलाय. म्हणजे कितीतरी पावसाळे हे खांब पाण्याने भरून उभे राहिले आहेत. बुडाशी गंज का, याचं उत्तर मिळालं. वरून रंग मारून तो थांबणार नव्हताच.

अशी इमारत घेणाऱ्याने पहिलं काम हेच करावं. रंग, दरजा, कौलं सगळं नंतर.

२६ ऑक्टोबर : खांब मोकळे केले

क्रम : आधी खालचा निकास उघडायचा, मग वरून साफ करायचं. उलट केलं तर सगळा गाळ तळाशी जाऊन ठासतो.

प्रत्येक खांबाभोवती दोन फुटी चौकोनात काँक्रीट छिन्नीने फोडलं. ब्रेकर वापरला नाही, बीड हादऱ्याला तडकतं. काँक्रीटखाली विटांची मोरी जशीच्या तशी निघाली, दगडी झाकणासकट, बाहेरच्या नाल्याकडे उताराची. नवीन पाइपलाइनसाठी अंदाजपत्रकात धरलेले सव्वा लाख वाचले. मोरी साफ करायला मजुरीचे ११,००० गेले.

साफसफाईला ड्रेनेजच्या वेताच्या कांड्या, टोकाला स्क्रू. लोखंडी सळी ठोकायची नाही. घट्ट बुचावर रात्रभर पाणी धरून ठेवलं की ते सकाळी मऊ होतं.

चाचणीचं गणित : एका खांबावर १२ × ३० म्हणजे ३६० चौरस फूट, साधारण ३३ चौरस मीटर छपराचं पाणी येतं. तासाला १०० मिमीच्या झोडपणाऱ्या पावसात मिनिटाला ५५ लिटर. म्हणून २०० लिटरचा ड्रम वर नेऊन ओतायचा आणि तो साडेतीन मिनिटांत उतरायला हवा. टोकाच्या दोन खांबांकडे १८ फुटांचं पाणी येतं, त्यांना दोन मिनिटं वीस सेकंद. चार खांब उत्तीर्ण. पाचवा रडतखडत, कारण त्याच्या मोरीला पुढे झाडाच्या मुळ्या होत्या.

आतून पीव्हीसी पाइप घालावा, अशी सूचना आली होती. वरच्या टोकाला आतला व्यास साडेचार इंच आहे. ७५ मिमीचा पाइप बसतो, पण पाण्याची वाट आकसते आणि पाइप व बीड यांच्या फटीत शिरलेली ओल कधीच दिसत नाही. नकार दिला. खांब मोकळा, कोरडा होणारा आणि वरून तपासता येणारा हवा.

४ नोव्हेंबर : जाडी आणि भेग

अल्ट्रासोनिक जाडीमापक जुन्या बिडावर भरवशाचा नाही. बिडातल्या ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे आकडे उड्या मारतात. त्यामुळे ३ मिमीची भोकं पाडून तारेच्या आकड्याने मोजलं : प्रत्येक खांबाला एकाच उंचीवर तीन भोकं, १२० अंशांवर. नंतर भोकांत आटे पाडून पितळी स्क्रू बसवले.

चौथ्या खांबाला एका बाजूला २४ मिमी आणि समोर १४. मूळ जाडी पाऊण इंच असावी. खांब आडवा ठेवून ओतताना वितळलेल्या धातूत पोकळीसाठी ठेवलेला मातीचा गाभा वर तरंगतो आणि एक बाजू बारीक होते. जुन्या ओतकामात हे नेहमी आढळतं, घाबरायचं कारण नाही. इथे एका खांबावर साडेतीन टनांच्या आसपास भार येतो आणि दाबाखाली बिडाला तो किरकोळ आहे.

बिडाचं दुखणं ताणात असतं. २४ मे १८४७ ला चेस्टरजवळचा डी नदीचा रेल्वेपूल पडला. रॉबर्ट स्टीफनसनने तो बिडाच्या तुळयांवर बांधला होता, आणि तुळईची खालची बाजू ताणात असते. त्यानंतर बिडाच्या तुळया रेल्वेपुलांतून हटत गेल्या आणि घडीव लोखंड आलं. खांबांना मात्र बीडच राहिलं. आपल्या गोदामातही हीच विभागणी दिसते : दाबाला बीड, ताणाला कैचीतला घडीव लोखंडाचा दांडा.

तिसऱ्या खांबाची भेग २८ इंच उभी. विजेची नळी अडकवायला कुणीतरी अँगलचा तुकडा आर्क वेल्डिंगने चिकटवलाय आणि भेग त्या वेल्डच्या कडेपासून सुरू झाली आहे. बिडात कार्बन तीन-चार टक्के. वेल्डच्या बाजूचा पट्टा झपकन थंड होताना काचेसारखा ठिसूळ होतो. त्यात खांबाच्या पोटात फुगणारा गंज. स्थानिक वेल्डर “पुन्हा भरून देतो” म्हणाला, त्याला हात लावू दिला नाही.

१८ नोव्हेंबर : थंड शिवण

धातूची थंड शिवण, म्हणजे न तापवता भेग जोडायचं काम, करणारे कारागीर इंजिनांचे ब्लॉक आणि प्रेसच्या चौकटी दुरुस्त करतात, औद्योगिक वसाहतींत सापडतात. पद्धत अशी :

खांबाच्या दोन्ही बाजूंना जॅक प्रॉप लावून कैच्यांचा भार उचलला, फक्त घट्ट होईपर्यंत, वर ढकलायचं नाही. भेगेची खरी टोकं भेगेत शिरणाऱ्या रंगीत द्रवाने शोधली. डोळ्यांना दिसणारं टोक खरं टोक नसतं, इथे ते दोन इंच पुढे निघालं. दोन्ही टोकांना ६ मिमीचं भोक पाडून भेग थांबवली. मग भेगेला आडवी भोकांची माळ, त्यात निकेलमिश्र धातूच्या कड्या थरथरांनी ठोकून बसवल्या, दर दीड इंचाला एक. मधल्या भागात एकमेकांवर चढणारे आट्यांचे खिळे, वर घासून सपाट.

खर्च ३८,००० रुपये, प्रवासासकट. नवीन खांब ओतून घेण्याचा दर विचारला होता. साचा आणि एक खांब मिळून त्याच्या चौपट.

प्रॉप आठवडाभर ठेवले आणि रोज पाव फेरा ढिले केले. एकदम काढायचे नाहीत.

३ डिसेंबर : जुना रंग

तपासणी-पट्टीने शिसं निघालं, अपेक्षित होतं. कोरडं घासणं बंद : धूळ फुफ्फुसात जाते. पाणी मारून खरवडलं, खाली प्लॅस्टिक, मास्क, आणि खरवड सीलबंद डब्यांत भरून घातक कचरा म्हणून दिली. या कामाला वेळ सगळ्यात जास्त लागला आणि तो अंदाजपत्रकात धरलेलाच नव्हता. एका खांबाला दोन माणसांचे चार दिवस धरा.

सँडब्लास्टिंग केलं नाही. ओतीव बिडावर साच्याच्या वाळूमुळे एक कठीण कातडी असते, ती गंजाला अडवते. जोरात मारा केला की ती निघून जाते आणि पुढच्या पावसाळ्यात खांब लाल होतात. ओतशाळेच्या पट्टीवरची उठावाची अक्षरंही बोथट होतात.

रंगाचे थर निघाले तसा खांबाचा खरा आकार दिसू लागला. बुडाशी सात इंच, वर सहा. शीर्ष रुंद होत जातं आणि त्यावर कंसाची बैठक. कंसाच्या पोटात एक गोल कडं आहे आणि कड्याच्या बाहेरचा भाग पोकळ. जिथे ताकद लागत नाही तिथलं धातू काढून टाकलंय, आणि उरलं ते नक्षीसारखं दिसतं. असं कडं मुंबईच्या जुन्या रेल्वे स्थानकांच्या फलाटांवरही पाहायला मिळतं. काळा घोड्याच्या वॉटसन हॉटेलचा बिडाचा सांगाडा तर इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आला होता. त्याचा आराखडा करणारा रोलँड मेसन ऑर्डिश हाच पुढे लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाच्या अवाढव्य छपराच्या कामात होता. गाठी ठेवायच्या गोदामालाही त्याच घराण्यातला खांब मिळाला, याचं अप्रूप वाटल्याशिवाय राहत नाही.

खांबांच्या एका अंगाला दहा फुटांवर सपाट बैठका आहेत, चार भोकांच्या. गोदामात त्यांचं काही काम नाही. शेजारी जिनघर होतं, तिथे पट्ट्यांचा लांब शाफ्ट अशा बैठकांवर बसायचा. एकाच साच्यातून दोन्हीकडचे खांब ओतले असावेत. ठेकेदाराने त्या ग्राइंडरने सपाट करायचं सुचवलं होतं. त्या राहिल्या. जिनघर गेलं, त्याचा एवढाच पुरावा शिल्लक आहे.

रंग : झिंक फॉस्फेट प्रायमर दोन हात, अभ्रकी आयर्न ऑक्साइडचा मधला हात, वर गडद हिरवा. तळच्या शेंदरी थरावर हिरव्याचेच अवशेष मिळाले होते. पाच खांब, कंस आणि पन्हळ मिळून सामानाचे २७,५००.

२० डिसेंबर : चुना

कळीचा चुना ऑक्टोबरअखेरीस विझवून पाण्याखाली ठेवला होता. सहा आठवड्यांच्या आत वापरू नये. न विझलेला खडा दरजेत गेला की नंतर फुलून विटेची कड उडवतो.

उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या भिंतीवर तीन मिश्रणांचे चाचणी पट्टे मारले होते. एकास दोन चुना-रेती : पश्चिमेला बोटाने भुगा होते. चुना-सुरखी (विटांची पूड)-रेती सारख्या मापाने : दोन्हीकडे चांगलं. तिसरं, आधीच्यात एक दशांश सिमेंट : घट्ट, पण पाणी शिंपडल्यावर भोवतालची वीट ओली राहते आणि दरज कोरडी. म्हणजे ओल विटेतून निघणार आणि वीटच झिजणार. दुसरं निवडलं. सुरखी मध्यम भाजलेल्या विटेची घ्यावी, खंगर (जास्त भाजलेल्या) विटेची चुन्याशी धरत नाही. बाजारात सुरखी म्हणून पाडकामाचा चुरा विकतात, त्यात सिमेंट असतं. आम्ही भट्टीवरून तुटक्या विटा आणून दळल्या.

सिमेंटच्या दरजा काढणं हे खरं कष्टाचं. ठेकेदाराच्या माणसांनी एका खणात ग्राइंडर चालवला. दरजा आठ मिमीच्या, चकतीने दोन्ही विटांच्या कडा खाल्ल्या आणि तिथे आता दरज दुप्पट रुंद दिसते. भरून न येणारं नुकसान आहे. पुढे सगळीकडे अरुंद छिन्नी आणि दोन पौंडी हातोडी. एका गवंड्याचे दिवसाला वीस-बावीस चौरस फूट होतात. खोली निदान २५ मिमी, मग ब्रशने धूळ, मग पाणी, मग भरणं. दरज विटेच्या पाठीमागे किंचित ठेवायची, वर फासायची नाही.

सात दिवस ओलं गोणपाट. कोरडं पडलं की चुना वाळतो, पण पक्का होत नाही.

११ जानेवारी २०२४ : विटा

दातेरी थरातल्या ६० विटा गेल्या होत्या. जुनं माप ९ × ४½ × ३ इंच. हल्लीची वीट लहान, ती बसवली तर दात लहान-मोठे होतात आणि सावलीची रेघ तुटते. साचा करून भट्टीवाल्याकडून दीडशे पाडून घेतल्या, नगाला २२ रुपये. निम्म्या वाकड्या निघतात असं धरूनच मागवाव्या.

२ फेब्रुवारी : कैच्या

सागाच्या कैच्या, मधे घडीव लोखंडाचा उभा दांडा. कुजलेले तीन पाय पन्हळीकडचे आहेत, बाकी लाकूड ठणठणीत. पूर्ण कैची बदलायची गरज नव्हती. कुजकं १६ ते २२ इंच कापून जुन्या सागाचा तुकडा तिरप्या सांध्याने जोडला. सांध्याची लांबी लाकडाच्या उंचीच्या तिप्पट, चार स्टेनलेस बोल्ट. जुना साग पाडकामाच्या वखारीतून, घनफुटाला ३,४०० रुपये.

दांड्यांच्या नट्या कुणी कसून ठेवू नयेत. सुतार मंडळींना ‘टाइट’ करायची सवय असते. इथे दांडा खालच्या तुळईला वर धरून ठेवतो. जास्त आवळला की मधला सांधा उचकटतो. फक्त हाताला ढिली लागलेली एकच नट पाव फेरा आवळली.

२२ फेब्रुवारी : पन्हळ

बिडाचे सहा फुटी तुकडे, कान बोल्टने जोडलेले, मूळ सांध्यात शेंदूर आणि अळशीच्या तेलाची लुकण. तुकडे शाबूत, बोल्ट संपलेले. नवीन बोल्ट स्टेनलेस, सांध्यात पॉलिसल्फाइड सीलंट. सीलंटच्या आधी बीड कोरडं आणि रंगवलेलं हवं. उतार दर खणात खांबाकडे अर्धा इंच. ओळंबा नाही, पाण्याची पातळीनळी वापरली.

दोन गोष्टी नव्याने घातल्या. प्रत्येक निकासावर तांब्याच्या जाळीचा घुमट, कारण सपाट जाळी एका पानाने बंद होते. आणि दोन्ही टोकांच्या भिंतींतून तीन इंची जादा निकास, पन्हळीच्या काठापेक्षा दीड इंच खाली. खांब पुन्हा कधी तुंबला तर पाणी बाहेर पडताना रस्त्यावरून दिसेल, कैच्यांच्या पायात मुरणार नाही.

१५ मार्च : कौलं

उतरवलेल्या मंगलोरी कौलांपैकी जवळपास तीन चतुर्थांश परत चढली. काहींवर बासेल मिशनचा छाप आहे, ती एकत्र दर्शनी उतारावर लावली. बोटाच्या पेराने वाजवून पाहायचं, खणखणीत वाजतं ते ठेवायचं. रीपा नव्या.

२ एप्रिल : चुन्याचं काम थांबवलं

पारा चाळिशी ओलांडायला लागला. गोणपाट तासाभरात कोरडं होतं. दक्षिणेची भिंत निम्मी झाली आहे, उरलेली ऑक्टोबरात. घाई करून उन्हात भरलेल्या दरजा पुन्हा काढाव्या लागतात, तेव्हा तारीख पुढे गेलेली परवडते.

आतापर्यंतचा खर्च ढोबळ : परांची १.४ लाख, दरजा ३.१ लाख, सुतारकाम १.९ लाख, कौलं-रीपा २.२ लाख, बिडाचं सगळं काम १.३ लाख. सगळ्यात जास्त भीती बिडाची होती, खर्च त्यावर सगळ्यात कमी झाला.

२१ जून : पाऊस

संध्याकाळी पाऊण तास झोडपलं. खांब वाहिले, मोरीतून गढूळ पाणी, मग स्वच्छ. जादा निकासातून थेंबही नाही. पन्हळीचा चौथा सांधा गळतोय : एका बोल्टखाली वॉशर घालायचा राहिला होता. पाऊस थांबल्यावर बसवला. पाचव्या खांबाची मोरी अजून सावकाश. बाहेरची मुळी कापून तिथे दोन फूट लांबीचा उघडता येणारा दगडी झाकणाचा भाग करायचा आहे, म्हणजे दर मे महिन्यात हात घालून साफ करता येईल.

ऑक्टोबरसाठी बाकी : दक्षिणेची निम्मी भिंत, गोल झरोक्याची लाकडी पट्ट्यांची जाळी, खांबांभोवती फोडलेल्या चौकोनांत काळ्या दगडाची फरशी. फरशी खांबाला टेकवायची नाही, भोवती एक इंच जागा सोडून बारीक खडी भरायची.